जाबिरच्या बापाचं पाणी

मी सौदीत असताना दोन स्वेटर वापरून फाडले, हे सांगितलं की आमच्या गावात कोणी विश्वास ठेवत नाही. सौदी म्हणजे वाळू, उंट आणि तेलाच्या विहिरी, एवढंच लोकांना ठाऊक. तिथे जाऊन चार वर्षं होईपर्यंत मलाही तेवढंच ठाऊक होतं. यान्बूच्या कॅम्पात राहायचं, बसने प्लांटवर जायचं, बसने परत यायचं. मग दोन हजार चार साली, होळीच्या सुमारास, कंपनीने दोन महिन्यांसाठी दक्षिणेला असीरच्या डोंगरात पाठवलं. आता घरी परतून इतकी वर्षं झाली, तरी सौदी म्हटलं की मला तो डोंगरच आठवतो. यान्बू मुद्दाम आठवावं लागतं.

काम साधं होतं. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीपर्यंत नवा गाडीरस्ता होत होता, आणि त्याच्या कडेचे दगडी बांध, मोऱ्या, गटारं करायची होती. मी गवंड्यांचा फोरमन. आमचं घराणं लांज्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या जांभ्याचे चिरे रचणारं. त्यामुळे दगडाच्या कामात मला कोणी शिकवावं असं अजून कोणी जन्माला आलेलं नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. ती समजूत कशी उतरली, ते पुढे येईलच.

सोबतीला दाऊदभाई होते. मूळचे बाणकोटचे, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, कंपनीचे ड्रायव्हर. वीस वर्षं तिथे काढलेली, त्यामुळे अरबी असं बोलायचे की चेकपोस्टवरचा पोलीस इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बघेपर्यंत त्यांना येमेनी समजायचा. मला ते ‘मुकादम’ म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जेद्दा ते घाटमाथा

जेद्दात अल अझीझियामध्ये थांबून आम्ही सामान भरलं. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे आणि दाऊदभाईंच्या आग्रहावरून दोन किलो सुकट. मी म्हटलं, दोन महिन्यांना एवढी कशाला? ते म्हणाले, डोंगरात मासळी मिळणार नाही, आणि मासळीवाचून माणूस चिडका होतो.

समुद्रकाठचा लांबलचक सपाट रस्ता सांगण्यासारखा नाही. पण तो सोडून गाडी डाव्या हाताला डोंगराकडे वळली आणि मी सीटवर ताठ बसलो. एक बोगदा संपला की पूल, पूल संपला की दुसरा बोगदा. आमच्या आंबा घाटाचा मला फार अभिमान, पण हा घाट चढताना मी दोनदा डोळे मिटून घेतले. वर येईपर्यंत कान दुखायला लागले. माथ्यावर दाऊदभाईंनी गाडी थांबवली, मी दार उघडलं आणि थंड, ओला वारा अंगावर आला. धुकं होतं. सौदीत धुकं. मी तसाच बुशकोटात कुडकुडत उभा राहिलो आणि गावची इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं. दाऊदभाईंना सांगितलं, वारा लागला.

माथ्यावर सगळं जंगल. अरअर नावाची झाडं, आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांसारखी, फक्त बुटकी, रुंद आणि वाकडीतिकडी. चोळली की पानांना धुपासारखा वास. बऱ्याच झाडांचे शेंडे वाळलेले होते. पाऊस कमी झालाय, असं पुढे सगळेच सांगत.

तिथेच आम्ही लुटले गेलो. आम्ही कड्यावरून खालची दरी बघत असताना वानरांची एक टोळी पिकअपवर चढली. आपल्या वानरांसारखी शेलाटी नव्हेत. नरांच्या मानेभोवती सिंहासारखी आयाळ, आणि चेहऱ्यावर तालुक्याच्या कचेरीतला भाव. त्यांनी बटाट्यांची पिशवी नेली, ब्रेड नेला. सुकटीची पिशवी फाडली, वास घेतला आणि सगळी सुकट रस्त्यावर फेकून दिली. दाऊदभाईंना चोरीचं दुःख नव्हतं, सुकटीच्या अपमानाचं होतं. अर्धा तास आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून रस्त्यावरची सुकट वेचत होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू करून बघत होत्या.

वाडी

वाडी चाळीसेक घरांची, पण धूर निघायचा तो सात-आठ घरांतूनच. दगड-मातीची उंच घरं, आणि भिंतींतून चपट्या दगडांच्या ओळी बाहेर आलेल्या, एकीखाली एक. पहिल्या दिवशी कामावरचे इंजिनियरसाहेब म्हणाले, ही इथली नक्षी. ते इजिप्तचे, कैरोत वाढलेले, त्यांना काय कळणार? मी म्हटलं, साहेब, ही झड आहे. आमच्याकडे पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांची झड बांधतात, भिंत भिजून ढासळू नये म्हणून. इथे माड नाहीत, म्हणून दगडाची. माझं बरोबर निघालं, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला त्या वाडीचा जाणकार समजायला लागलो. सगळं बिघडलं ते या शहाणपणामुळेच.

विजेचे खांब रस्त्याच्या आधीच पोचले होते. टीव्ही होते, फ्रीज होते, पण गॅसचं सिलिंडर गाढवावरून यायचं. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चार जण खाली डांबरी सडकेपर्यंत न्यायचे. तरणी माणसं केव्हाच खमीस मुशैत शहरात नोकऱ्यांना गेलेली. डोंगरभर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आपल्याकडच्या कुणग्यांसारखी, दगडी बांध घालून उतरत गेलेली. बहुतेक पडीक. बांध ढासळलेले, माती वाहून गेलेली. चांगल्या हाताने रचलेला दगड असा पडलेला बघवत नाही.

रस्त्याची आखणी सरळ होती, पण एका ठिकाणी तिला मोठा वळसा घालावा लागला. तिथे अरअरची जुनी राई होती आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, इथली फांदी तोडायची नाही, इथे गुरं चारायची तीसुद्धा दुष्काळातच. असा राखलेला तुकडा म्हणजे ‘हिमा’. इंजिनियरसाहेब कुरकुरले. मी दाऊदभाईंना म्हटलं, ही तर देवरहाटी. देव नाही, पण रहाटी तीच. दाऊदभाई म्हणाले, “रहाटी राखली म्हणजे देव आपसूक येतो, मुकादम.”

अबू जाबिर

वाडीच्या वरच्या अंगाला, नव्या रस्त्याच्या अगदी खाली, सहा कुणगे तेवढे हिरवे होते. सातूचं पीक, गुडघ्याएवढं, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. त्यांचा मालक अबू जाबिर. तिथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू जाबिर म्हणजे आपल्याकडचा ‘जाबिरचा बापूस’. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, डोक्याच्या फडक्यात रोज सकाळी सब्जाची ताजी डहाळी खोवायचा. त्या डोंगरात पुरुष बिनदिक्कत फुलं माळतात. आमच्याकडे कोणी माळली तर दशावतारात काम मिळालं का म्हणून विचारतील.

पहिल्या आठवड्यातच त्याने आम्हाला घरी नेलं. आतल्या भिंती खालपासून हातभर उंचीपर्यंत लाल, हिरव्या, निळ्या रेघांनी आणि त्रिकोणांनी रंगवलेल्या. बायकोच्या हातच्या होत्या. ती वारल्यावर त्याने त्या भिंतींना चुना लागू दिला नव्हता. जेवायला अरीका होती, म्हणजे गव्हाची जाड भाकरी कुस्करून, मळून, मधोमध खळगा करून त्यात तूप आणि मध. आपला मलिदाच. एकाच थाळीत तिघांनी बोटांनी खायचं. म्हातारा स्वतःच्या बाजूचा मध बोटाने आमच्या बाजूला ढकलत होता, आणि आपण बघितलं की दुसरीकडे बघायचा.

त्याच दिवशी त्याने दाऊदभाईंना आपली गोष्ट सांगितली, आणि दाऊदभाईंनी मला. जाबिर खमीसला सरकारी नोकरीत. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दवाखाना समोर. बाप एकटा डोंगरात पडून असतो म्हणून त्याच्या जिवाला घोर. दोन वर्षं बापाला चल म्हणत होता. शेवटी दोघांत ठरलं. हिवाळ्यातला पाऊस ओझरताच झाला होता, पिकाला आणखी एक भिजवणी हवी होती. ती मिळून सातू हाती आला, तर बाप आणखी राहील आणि जाबिर पुन्हा विषय काढणार नाही. पीक गेलं तर बाप निमूट सामान बांधेल. रस्ता होतच होता. सामान न्यायला पिकअप थेट दारात येणार होती.

मला म्हाताऱ्याचा लळा लागला होता, हे कबूल करतो. माझे वडील मी यान्बूत असताना वारले. सुट्टी मिळेपर्यंत तेरावं झालं होतं. त्यामुळे अशा वयाचा, दगडाच्या बांधावर बसून चहा पिणारा माणूस दिसला की मी उगाच त्याच्या आसपास घुटमळायचो. आपण याच्यासाठी काहीतरी करावं, असं फार वाटायचं.

माझं गटार

एप्रिलच्या सुरुवातीला जाबिर आला आणि बापाला डोळे दाखवायला चार दिवस खमीसला घेऊन गेला. तेव्हा आमचा रस्ता नेमका त्या सहा कुणग्यांच्या वर पोचला होता. मी उभा राहून डोंगर बघितला. वरचा सगळा उघडा खडक. पाऊस पडला की तिथलं पाणी धावत येणार, रस्त्यावर आदळणार आणि खाली म्हाताऱ्याच्या पिकात घुसणार. आमच्याकडे डोंगराचं पाणी असं कुणग्यात घुसलं की मेर, म्हणजे बांध, फुटते, लावणी वाहून जाते. आषाढात माझे वडील इरलं घेऊन रानात पळायचे ते याचसाठी, पाणी बाहेर काढायला.

नकाशात तिथे गटार नव्हतं. मी इंजिनियरसाहेबांना पटवलं, रस्त्याच्याही हिताचं आहे. चार दिवस माणसांना दम खाऊ दिला नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाने दगडी गटार बांधलं, उतार इतका नेमका की वरचं सगळं पाणी अलगद पलीकडच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जावं. खडकावरून उतरणाऱ्या तीन जुन्या दगडी पन्हळी मधे आल्या. मोडक्या दिसत होत्या. त्या मी काढून टाकल्या आणि त्यांचे दगड गटाराला वापरले. दगड उत्तम होते.

पाचव्या दिवशी दुपारी बाप-लेक परत आले, आणि ते गाडीतून उतरतात न उतरतात तोच आभाळ भरून आलं. गारा पडल्या, मग पाऊस. तासभर असा कोसळला की मला आषाढ आठवला. आम्ही सगळे म्हाताऱ्याच्या पडवीत उभे होतो. माझं गटार दुथडी भरून वाहत होतं. एक थेंब रस्त्यावर आला नाही, आणि सगळं पाणी गरजत व्हाळात, व्हाळातून दरीत. माझी छाती फुगली. मी म्हाताऱ्याकडे बघितलं, शाबासकीच्या अपेक्षेने.

तो बघत होता आपल्या कुणग्यांकडे. पाऊस थांबला तसा तो काठी टेकत खाली उतरला, पहिल्या कुणग्यात वाकून दोन बोटं मातीत घातली. बोटाच्या पेरापर्यंत ओल, खाली कोरडं. मग रस्त्यावर चढून गटाराच्या काठाने पन्हळी होत्या तिथवर गेला आणि उभा राहिला. जाबिर त्याच्यामागे गेला. तो काही तिरकं बोलला नाही. हळूच म्हणाला, “बाबा, आता ठरल्याप्रमाणे करू. पुढच्या शुक्रवारी पिकअप आणतो.” म्हाताऱ्याने मान डोलावली.

मला काहीच उमगेना. दाऊदभाईंनी मला बाजूला घेतलं.

“मुकादम, तुमी त्याचा पानी तोडलाव.”

तेव्हा त्यांनी समजावलं ते असं. तिथे कुणगा म्हणजे नुसता कुणगा नाही. त्याच्या वरचा उघडा खडकही त्याचाच भाग. त्या खडकावर पडणारा पाऊस पन्हळींनी गोळा होऊन पहिल्या कुणग्यात यायचा, तो भरला की चपटा दगड उचलून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कुठल्या खडकाचं पाणी कोणाचं, हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. वर्षातून असे दोनच पाऊस. आमच्या डोक्यात पाणी म्हणजे घालवायची वस्तू, तिथे पाणी हेच पीक. मी ते गटारात घालून दरीत सोडलं होतं, आणि वर हसत उभा होतो.

मी म्हाताऱ्याकडे गेलो. माझी मोडकीतोडकी अरबी त्या वेळी पार आटली. हात जोडले. तो म्हणाला, “तुझ्या देशात पाणी फार असेल. त्याच्यावर रागावलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.” एवढं बोलून त्याने मला चहा दिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी इंजिनियरसाहेबांपुढे उभा राहिलो. गटार फोडायचं आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. आधी नकाशात नसलेलं गटार बांधू दिलं, आता ते फोडूही द्या? रस्ता धुपला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. रस्त्याखालून तीन ठिकाणी पाइप टाकतो, पाणी पडेल तिथे पायथ्याशी दगड बसवून देतो, माती हलणार नाही. शेवटी ते म्हणाले, मला आठवडाभर अभा शहरात मीटिंगा आहेत, मी इकडे बघायला येणार नाही. जाताना त्यांनी दोन पाइप जास्त उतरवून ठेवायला सांगितले.

अबू जाबिरला मी हात धरून वर नेलं. डोळ्यांनी त्याला धूसरच दिसायचं, पण काठीने खडक चाचपत त्याने तिन्ही जागा बरोबर दाखवल्या. पन्हळी मी पुन्हा रचल्या. इथे सिमेंट घालू नकोस, एवढंच तो म्हणाला. सुक्या दगडाला सिमेंटशिवाय बसवायचं म्हणजे प्रत्येक दगड हातात फिरवून त्याची बाजू शोधावी लागते. हे काम मी वडिलांच्या हाताखाली करायचो. म्हातारा शेजारी बसून, हाताने चाचपून एखादा दगड नापसंत करायचा, आणि दरवेळी त्याचंच बरोबर असायचं. ते चार दिवस मला आयुष्यात परत मिळावेत असं अजून वाटतं. परतफेड करत होतो खरा, पण सुख मलाच होत होतं.

बुधवारी काम संपलं. आता पाऊस हवा होता, आणि तो काही माझ्या बांधकामात नव्हता. त्या महिन्यात दुपारी ढग रोजच येत, अरअरच्या जंगलावर टेकत आणि तसेच निघून जात. बुधवार कोरडा गेला. गुरुवार कोरडा गेला. दाऊदभाई नमाजानंतर जास्त वेळ बसायला लागले. मीही गणपतीला नारळ बोललो. सातूची पानं कडांना पिवळी पडत होती.

शुक्रवारी नमाज आटोपून जाबिर पिकअप घेऊन आला, आमच्याच नव्या रस्त्यावरून, थेट दारात. दोन पेट्या, गाद्या, कॉफीची भांडी. म्हातारा पडवीत बसून होता, कशाला हात लावत नव्हता, कशाला नाहीही म्हणत नव्हता. मी आणि दाऊदभाई सामान उचलू लागलो. दुसरी पेटी मी गाडीत ठेवत होतो तेव्हा तिच्या पत्र्यावर टप्पकन गार पडली.

पुढचं सगळं भराभर झालं. पाणी खडकावरून पन्हळीत आलं, पन्हळीतून पाइपात, आणि पहिल्या कुणग्यात लाल, फेसाळ धार पडायला लागली. दगड हलला नाही. म्हातारा उठला, पण त्या पावसात उतरायला त्याला दिसेना. पहिला कुणगा भरला, आता दुसऱ्याचा दगड वेळेवर उचलला नाही तर बांध फुटणार. मी धावणार, तेवढ्यात जाबिर पांढरा तोब, तिकडचा पायघोळ झगा, कंबरेला खोचून, चपला टाकून चिखलात उतरला. त्याने उचलला तो भलताच दगड. पाण्याचा आवाज ऐकून वरून बाप ओरडला, “तो नाही. डावीकडचा. लहानपणी तुला किती वेळा सांगितलं.” जाबिरने डावीकडचा उचलला. मग तिसऱ्याचा त्याने न विचारता उचलला. चौथ्याचा, पाचव्याचा. सहावा भरायला जवळजवळ संध्याकाळ झाली. तो वर आला तेव्हा मांड्यांपर्यंत लाल चिखल, आणि चाळिशीतला तो सरकारी माणूस धापा टाकत हसत होता. बाप चाचपडत लेकाच्याच डोक्यावरच्या फडक्याने त्याचं तोंड पुसत होता.

पेट्या आम्ही परत आत नेल्या. गाद्या भिजल्या होत्या, त्या पडवीत वाळत घातल्या.

निघताना जाबिर माझ्यापाशी आला. मला वाटलं, आभार मानणार. तो रस्त्याच्या कडेकडे बघत म्हणाला, “इथे गाडी लावायला थोडी जागा ठेवता येईल का? मी दर शुक्रवारी येईन.”

पुढच्या आठवड्यात आम्ही तो तुकडा पुरा केला. जागा मी दोन गाड्यांची ठेवली.